बेटावर फिरायला जाताना काय घालायचं? मुंबईकरांसाठी कपाटापासून किनाऱ्यापर्यंतची तयारी

अंदमानची तिकिटं निघाली की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हॉटेलच्या आधी कपड्यांचे फोटो यायला लागतात. पायघोळ पांढरा मॅक्सी, सुपाएवढी गवती हॅट, उंच टाचांच्या सँडल. फोटोत सगळं झकास दिसतं. पण स्पीडबोट सुटली की ती हॅट डोक्यावर राहत नाही, मॅक्सीचा घोळ ओली वाळू गोळा करत फिरतो आणि टाचा वाळूत रुततात.

बेटावरच्या कपड्याची परीक्षा एकच: भिजल्यावर तो काय करतो? अंगाला चिकटतो का, पारदर्शक होतो का, जड होऊन लोंबतो का, सकाळपर्यंत वाळतो का? कपाट उघडण्याआधी मनात तीन ढीग करा. पाण्यात उतरायचे कपडे, बोटीवर शिंतोडे झेलायचे कपडे आणि कोरडेच राहणारे. आपल्याकडे तिसरा ढीग भरपूर असतो. पहिला, जो सगळ्यात गरजेचा, तो नेमका कच्चा असतो.

पायरी १: बेट कुठलं, महिना कुठला

अंदमानची हवा मुंबईकराला ओळखीची वाटेल. तापमान वर्षभर साधारण २३ ते ३१ अंश आणि दमटपणा आपल्यासारखाच. स्वेटर घरी ठेवा. मेच्या उत्तरार्धात पाऊस सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून डिसेंबर ते एप्रिल हे महिने बरे. पावसाळ्यात जाणारच असाल तर छत्रीऐवजी रेनकोट घ्या, समुद्राच्या वाऱ्यात छत्री उलटीच होते. कागदपत्रांवर नावं पाहून गोंधळू नका: हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (ही नावं २०१८ मध्ये बदलली) आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजय पुरम.

अंदमानबद्दल आणखी एक गोष्ट कपड्यांच्या वेळापत्रकात धरा. घड्याळ आपलंच, पण बेटं बरीच पूर्वेला. डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो हवे असतील तर साडेतीनला तयार होऊन निघायला हवं. मुंबईच्या सवयीने चहा-नाश्ता उरकून सहाला नटूनथटून बाहेर पडलात तर अंधाराचे फोटो मिळतील.

लक्षद्वीपला परवाना काढून जावं लागतं आणि तिथली वस्ती जवळजवळ सगळी मुस्लिम आहे. रिसॉर्टच्या किनाऱ्यावर पोहण्याचे कपडे चालतात. गावातून फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा.

मालदीवमध्ये दोन वेगळी जगं आहेत. रिसॉर्टच्या खासगी बेटावर बिकिनीला कोणी हरकत घेत नाही. पण बजेटमध्ये बसावं म्हणून माफुशीसारख्या स्थानिक वस्तीच्या बेटावर राहणार असाल, तर बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या, फलक लावलेल्या किनाऱ्यावर. त्या किनाऱ्यावरून हॉटेलपर्यंत चार पावलं असली तरी अंगावर काहीतरी चढवूनच यायचं. राजधानी मालेच्या रस्त्यांवरही तसंच. शिवाय सीप्लेनने जाणार असाल तर सामानाची मर्यादा नेहमीच्या विमानापेक्षा कमी असते. (त्या सीप्लेनचे वैमानिक बऱ्याचदा अनवाणी विमान चालवतात. तिथे बुटांची गरज किती, ते यावरून कळावं.)

बाली आणि श्रीलंकेत देवळांचा प्रश्न येतो, तो पुढे घेते.

पायरी २: कापड निवडताना गॅलरीची चाचणी

"सुती घ्या, सुती बरं" हा सल्ला घरातली प्रत्येक मोठी बाई देते. कोरड्या ढिगासाठी तो शंभर टक्के खरा आहे. मलमल, लिनन, पातळ खादी, सैलसर रेयॉन, सगळं उत्तम. पाण्याच्या ढिगासाठी मात्र सुती कापड सपशेल नापास. ते पाणी पितं, जड होतं, अंगाला चिकटतं आणि दमट हवेत दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलसर राहून कुबट वास धरतं.

मुंबईत बसून याची परीक्षा घेता येते, कारण आपली हवाही तशीच दमट. न्यायचा तो कपडा रात्री नऊला भिजवा, हाताने पिळा आणि गॅलरीत पंख्याशिवाय वाळत घाला. सकाळी सहाला शिवण, खिसे आणि कमरेचं इलॅस्टिक चाचपून बघा. पाठपोट कोरडं असतं, ओल लपते ती याच तीन ठिकाणी. ओल लागली तर तो कपडा पाण्याच्या ढिगातून बाद. जीन्सला ही परीक्षा देण्याचीही गरज नाही. ती विमानातही नको, कारण उतरल्यावर दुपारी तीच अंगावर असते.

दुसरी चाचणी ट्यूबलाइटची. कापड दिव्यासमोर धरा, मागचा हात स्पष्ट दिसला तर ऊनही तसंच आरपार येणार. पातळ पांढरा सुती टी-शर्ट उन्हापासून वाटतो तेवढा वाचवत नाही. त्याचा यूपीएफ, म्हणजे कापडाची ऊन अडवण्याची ताकद, साधारण ५ ते ७ असते आणि भिजला की आणखी घसरते. यूपीएफ ५० लिहिलेलं कापड अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत सोडतं. घट्ट विणीचं आणि गडद रंगाचं कापड त्या बाबतीत पांढऱ्यापेक्षा सरस.

मलमल घ्यायची असेल तर क्रॉफर्ड मार्केटशेजारच्या मंगलदास मार्केटमधून कापड घेऊन शिवून घ्या. तयार बीचवेअरमध्ये जे पाचशे रुपये लेबलचे जातात, ते वाचतात. रविवारी मात्र तिकडे फिरकू नका, बाजार बंद असतो. फॅशन स्ट्रीट आणि कुलाबा कॉजवेवर सैल पँटी, काफ्तान, शॉर्ट्स मिळतात. घेताना रंग जातो का ते ओल्या रुमालाने चोळून बघा. तिथला गडद निळा आणि मरून रंग खाऱ्या पाण्यात हमखास सुटतो आणि बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांवर चढतो.

पायरी ३: पाण्यात उतरायचे कपडे

इथे जरा थांबूया, कारण घोळ इथेच होतात.

आपल्याकडच्या बायका समुद्रात पंजाबी ड्रेस घालून उतरतात. त्यात लाज राखण्याचा हेतू असतो आणि नेमकं उलट होतं: भिजलेला कुर्ता अंगाला चिकटून सगळं दाखवतो आणि सलवारीत पाणी भरून पाय ओढले जातात. ओढणी तर स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं तरंगणं), जेट स्की, पॅरासेलिंगला सरळ धोक्याची आहे. बिकिनी घालायची नसेल तर मधला मार्ग साधा आहे: लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहण्याच्या कापडाचा घट्ट टी-शर्ट, आणि पोहण्याच्या कापडाची पायघोळ टाइट्स किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स. वर हवी तर पोहण्याच्याच कापडाची छोटी स्कर्ट. अंग झाकलं जातं, ऊन लागत नाही, लाइफ जॅकेटचे पट्टे काखेत घासत नाहीत आणि प्रवाळाचे ओरखडे कमी होतात. ही जोडी डेकॅथलॉनसारख्या दुकानात मिळते, धोबी तलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांतही. लेबलवर नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि त्यासोबत इलॅस्टेन किंवा स्पॅन्डेक्स वाचा. जिमची जाड लेगिंग त्याच कापडाची दिसते, पण पाणी धरते आणि कमरेतून खाली सरकते.

दुकानात नुसतं उभं राहून माप बघू नका. दोन्ही हात वर करा, उकिडवं बसा, पुढे वाका. पाठ उघडी पडत असेल तर स्नॉर्केलिंग करताना तोच पट्टा भाजणार, कारण तिथे तुम्ही तासभर पालथे तरंगत असता आणि गार पाण्यात चटका जाणवत नाही.

पुरुषांचं वेगळंच. आपले काका मंडळी सँडो बनियन आणि जुनी हाफ पँट घालून लाटांत शिरतात. दुसऱ्या दिवशी बनियनच्या आकाराचा पांढरा ठसा सोडून बाकी सगळं लाल. शिवाय सुती अंडरवेअरवर बर्म्युडा घालून तासभर पाण्यात राहिलं की मांड्या सोलवटतात. आत जाळीचं अस्तर असलेली पोहण्याची शॉर्ट्स घ्या, किंवा गुडघ्यापर्यंतचे घट्ट जॅमर आणि त्यावर सैल बर्म्युडा. रिसॉर्टच्या तलावात सुती कपड्यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते, तेव्हा जाळीवालीच दोन्हीकडे चालते. आणखी एक, मिशीचं. जाड मिशी असेल तर स्नॉर्केलचा मास्क वरच्या ओठावर नीट बसत नाही आणि थेंब थेंब पाणी आत येतं. मिशीवर थोडं व्हॅसलीन लावलं की गळती कमी होते. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा मास्क मिळेल का, हे आधीच विचारून ठेवावं. मास्कच्या आत चष्मा बसत नाही.

स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायला, वेटसूट (रबरी घट्ट पोशाख) तिथेच देतात. त्याच्या आत घट्ट पोहण्याचे कपडे हवेत, वर सैल टी-शर्ट असेल तर त्याच्या घड्या आत रुततात.

लहान मुलांना निळे, आकाशी, पांढरे पोहण्याचे कपडे घेऊ नका. पाण्याखाली तो रंग दिसेनासा होतो. भडक नारिंगी, पोपटी किंवा गुलाबी घ्या, गर्दीतही पोर नजरेतून सुटत नाही.

आता आई, सासूबाई. "मी काही पाण्यात येत नाही" म्हणून त्या निघतात आणि गुडघाभर पाण्यात सगळ्यात जास्त वेळ त्याच उभ्या असतात. शिवाय काही किनाऱ्यांवर बोट धक्क्याला लागत नाही, उथळ पाण्यात उतरावं लागतं. साडीखालचा सुती परकर भिजला की पायांत अडकतो. साडीच हवी असेल तर जॉर्जेट किंवा पातळ सिंथेटिक घ्या आणि परकराऐवजी साडी शेपवेअर, म्हणजे साडीखाली घालायचा घट्ट, ताणला जाणारा स्कर्ट. पण गुडघ्यापर्यंत वळणारी कॅप्री आणि मांडीपर्यंतचा कुर्ता सगळ्यात सोपा. हे घरी, निघण्याच्या आठवडाभर आधी घालून दाखवा. किनाऱ्यावर पोचल्यावर "आई, बदला ना" म्हटलं की ऐकलं जात नाही.

पायरी ४: ऊन

हॅटची कड सगळीकडून निदान तीन इंच आणि हनुवटीखाली दोरी. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडी राहते. गॉगल यूव्ही ४०० लिहिलेला, आणि त्यालाही मागून दोरी.

एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के आणि एसपीएफ ५० साधारण ९८ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे अतिनील किरण) अडवतो, म्हणजे आकड्यामागे धावण्यापेक्षा दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावणं जास्त कामाचं. विसरल्या जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: कानाची पाळी, पावलांची वरची बाजू, गुडघ्यांची मागची खोबण आणि केसांचा भांग. भांग भाजला तर आठवडाभर फणी फिरवता येत नाही. वेणी घाला किंवा पातळ सुती रुमाल बांधा. थायलंडला जाणार असाल तर २०२१ पासून तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनला बंदी आहे, बाटलीमागचा बारीक मजकूर वाचून घ्या.

पायरी ५: पाय

दोन जोड्या पुरतात. एक, मागे पट्टा असलेली रबरी किंवा प्लॅस्टिकची सँडल. मेअखेरीस मुंबईच्या दुकानांत जी पावसाळी पादत्राणं टांगलेली दिसतात, तीच. दादर, लिंकिंग रोड, कुठेही मिळतात. साध्या स्लीपर चालतात, पण लाटेत एक पाय वाहून गेला की पंचाईत. दुसरी जोडी म्हणजे पातळ तळव्याचे वॉटर शूज, जिथे मेलेली प्रवाळं आणि समुद्री साळिंदर असतात तिथे अत्यावश्यक. प्रवाळाची जखम चिघळते. वॉटर शूज घातले म्हणून जिवंत प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे मुलांना बजावून ठेवा.

कोल्हापुरी घरी. खारं पाणी लागलं की चामडं कडक होऊन वाकडं होतं. बूट विमानात पायात असतील तेवढेच. सेल्युलर जेलमध्ये जिने चढावे लागतात आणि सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. तिथे सँडल ठीक. अंदमानातल्याच बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहेची वाट मात्र चिखलाची, तिथे पट्टेवाली.

पायरी ६: बोट, एसी आणि संध्याकाळ

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणाऱ्या खासगी बोटी बंदिस्त असतात आणि एसी कडक. बाहेर घामाने भिजून आत बसलात की दहा मिनिटांत हुडहुडी. एक पातळ जॅकेट किंवा मोठी सुती ओढणी हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. तीच ओढणी देवळात कामाला येते, किनाऱ्यावर कपडे बदलताना आडोसा म्हणूनही.

संध्याकाळी सैल, पायघोळ पँट आणि पूर्ण बाह्या. फॅशनपेक्षा डासांसाठी. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर वाळूतल्या बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत आणि दोन दिवसांनी घोट्यांवर खाजरे ठिपके उठतात. घोटा झाकणारी पँट आणि ओडोमॉस, बस. फोटोचा प्रश्न असेल तर निळ्या पाण्यापुढे निळा बुडतो. हळदी, राणी, टोमॅटो लाल उठून दिसतात.

पायरी ७: हनिमूनला निघालेल्यांसाठी, चुड्याचा प्रश्न

लग्नानंतर आठवड्यात अंदमान किंवा मालदीव गाठणारी जोडपी आता प्रत्येक विमानात असतात. हातात हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र, बोटांत दोन-दोन अंगठ्या. काचेच्या बांगड्या लाइफ जॅकेटच्या बकलवर, बोटीच्या लोखंडी शिडीवर फुटतात आणि काच तळहातात जाते. पाण्याचे खेळ घेणारे लोक त्या उतरवायला सांगतात, तेव्हा किनाऱ्यावर वाद घालण्यापेक्षा निघण्याआधी आईशी आणि सासूबाईंशी बोलून घ्या. चुडा किती दिवस ठेवायचा हे घराघरात वेगळं असतं. बऱ्याच घरी "दोन ठेव, बाकी काढ" यावर मिटतं. त्या दोनही पाण्यात जाताना रुमालात गुंडाळून स्टीलच्या छोट्या डब्यात.

अंगठीचं कारण साधं आहे: पाण्यात बोटं गार पडून आकसतात आणि सैल अंगठी कळायच्या आत निसटते. वाळूत पडलेली अंगठी सापडत नाही. रोजचं छोटं मंगळसूत्र किंवा नुसती काळी पोत घाला, मोठं लॉकरमध्ये, आणि लॉकर मुंबईतलाच. मेंदीचं मात्र काही करता येत नाही, खाऱ्या पाण्याने आणि तलावातल्या क्लोरीनने ती लवकर उतरते.

पायरी ८: देवळं

बालीत देवळात जाताना कमरेला सारोंग आणि वर पट्टा बांधतात. बऱ्याच ठिकाणी दारात मिळतो, पण घरची सुती लुंगी नेली तरी काम भागतं. तिथल्या उलुवातूच्या देवळात माकडं चष्मे आणि टोप्या पळवतात, गाडीतून उतरायच्या आधीच दोन्ही आत ठेवा. श्रीलंकेत बौद्ध मंदिरांत खांदे-गुडघे झाकून, पांढरे किंवा फिकट कपडे घालून जातात आणि चपला व टोपी बाहेर. दुपारी तिथली फरशी तापते, म्हणून पातळ मोजे खिशात. अंगावर किंवा टी-शर्टवर बुद्धाचं चित्र असेल तर झाका, आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका.

पायरी ९: बॅग

देशातल्या विमानात साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हाताशी मिळतं. पाच रात्रींसाठी मी माणशी एवढंच मोजते:

- पाण्याचे दोन संच, एक वाळत असताना दुसरा अंगावर
- चार सैल वरचे कपडे, दोन शॉर्ट्स किंवा स्कर्ट, एक पायघोळ पँट
- संध्याकाळचा एकच बरा जोड
- पातळ जॅकेट किंवा ओढणी, हॅट, गॉगल
- अंतर्वस्त्रं रोजच्या हिशेबापेक्षा दोन जास्त
- दोन पंचे

पंच्यावर अडून बसा. टर्किश टॉवेल अर्धी बॅग खातो आणि परतताना ओलाच असतो. सुती पंचा पातळ, म्हणून टॉवेलपेक्षा लवकर वाळतो, डोक्याला बांधता येतो आणि हरवला तरी जीव जळत नाही.

पाण्याचा एक संच, सनस्क्रीनची छोटी ट्यूब आणि स्लीपर हाताच्या बॅगेत ठेवा. विमान सकाळचं आणि खोली दुपारची, मधले तीन तास किनाऱ्यावर जातात. सनस्क्रीनची ट्यूब १०० मिलिलिटरच्या आतली असू द्या.

पायरी १०: तिथलं धुणं आणि परत आल्यावरचं

खारं पाणी वाळलं तरी कापडात मीठ राहतं. ते मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून कपडा कोरडा वाटून पुन्हा दमट होतो आणि अंगाला खाज सुटते. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात एकदा खंगाळा. लहान बेटांवर गोडं पाणी तुटपुंजं असतं, नळ सोडून ठेवण्यापेक्षा एका बादलीत सगळ्यांचे कपडे काढा, आधी फिकट रंगाचे. नायलॉनची दोरी, सहा चिमटे आणि साबणाची एक पुडी न्या. रॅशगार्ड पिळू नका, पंच्यात गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा.

परतताना ओलं राहिलंच तर दोन जाड पिशव्यांत बांधा आणि घरी पोचल्या पोचल्या बाहेर काढा. मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करून झटका, वाळू ड्रममध्ये गेली की पुढच्या दहा धुण्यांत निघत राहते. बॅगेची चाकंही ओल्या फडक्याने पुसा. शेवटी पोहण्याचे कपडे वाळल्यावर दोन्ही हातांनी ताणून बघा. बारीक करकर आवाज आला किंवा कापड परत आकसलं नाही, तर आतलं इलॅस्टिक संपलं. तो कपडा रंगपंचमीच्या ढिगात टाका.